कार्तिकीला अंधारात चालणारी आमची दिंडी: वाहनांपासून सांभाळायचे कसे?

दिंडीचा हिशेबनीस

राम कृष्ण हरी. तासगाव तालुक्यातील एका लहान गावातून आमची दिंडी दरवर्षी कार्तिकीला पायी पंढरपूरला जाते. माणसे साठ-पासष्ट असतात, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया, आणि साठीच्या पुढची पंचवीस तरी असतात. कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला या मार्गाने मुक्काम करत आम्ही दशमीला पोहोचतो. दिंडीचा जमाखर्च माझ्याकडे आहे, आणि गेल्या वर्षीपासून माणसे सुखरूप परत आणण्याची काळजीही माझ्याकडेच आली आहे.

आमचा क्रम वडिलांच्या काळापासून ठरलेला आहे. पहाटे साडेतीनला मुक्काम हलतो, दहापर्यंत चालणे होते, जेवण आणि विश्रांती झाल्यावर चारला पुन्हा निघून रात्री आठच्या सुमारास पुढचा मुक्काम गाठतो. म्हणजे रोज साडेचार-पाच तास आम्ही अंधारात रस्त्याच्या कडेने चालत असतो. पूर्वी त्या रस्त्यावर घटकेला एखादी गाडी जायची. आता रत्नागिरी-नागपूर महामार्ग चौपदरी झाला आहे आणि गाड्या थांबत नाहीत.

गेल्या वर्षी नागजच्या पुढे, सातच्या सुमारास, हरिपाठ चालू असताना मागून आलेल्या एका मोटारसायकलचे हँडल शेवटच्या रांगेतील आजींना लागले. आजी पडल्या, मनगट मोडले. तो मुलगाही घसरला. त्याचा दिवा चालू होता, तो प्यालेला नव्हता, पळूनही गेला नाही, उठून हात जोडून तो सारखे एकच सांगत होता, "काहीच दिसलं नाही ओ." आमची तरुण मंडळी त्याच्या अंगावर धावून गेली, कारण साठ माणसे, टाळ, मृदंग, दोन पताका असे सगळे असताना काहीच दिसले नाही हे कोणाला खरे वाटेना. मलाही वाटले नाही. मात्र आजींना दवाखान्यात पाठवून झाल्यावर मी मुद्दाम शंभर-सव्वाशे पावले मागे गेलो आणि वळून आमच्याच दिंडीकडे पाहिले. पुढे चाललेल्या टेम्पोचा लाल दिवा तेवढा दिसत होता. माणसे कोठेच नव्हती. टाळांचा आवाज येत होता आणि त्या आवाजाच्या जागी नुसता काळोख होता. थंडीमुळे पुरुषांनी पांढऱ्या सदऱ्यांवर तपकिरी, निळे स्वेटर चढवले होते आणि बायकांनी डोक्यावरून शाली घेतल्या होत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

जुनोनीजवळ ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी संध्याकाळी कोल्हापूर जिल्ह्यातील जठारवाडीच्या दिंडीत मोटार घुसून सात वारकरी गेले, ते ठिकाण आमच्या वाटेवरच आहे. आम्ही तेथे दरवर्षी दोन मिनिटे थांबतो. थांबून पुन्हा तसेच अंधारात पुढे चालू लागतो, हे आता मनाला पटत नाही.

जाणकारांना मला विचारायचे आहे की, दिंडीने रस्त्याच्या डाव्या कडेने चालावे की समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, कारण याबाबत आमच्यात दोन तट पडले आहेत. टेम्पो पुढे असावा की मागे. आणि चमकणारी जाकिटे घेण्याइतका निधी जमला तर त्याचा खरोखर उपयोग होतो का. वेळापत्रक बदलण्याचा विषय काढला की ज्येष्ठ मंडळी नाराज होतात, तरीही त्यावर कोणाला काही सुचत असेल तर अवश्य लिहावे.

निवृत्त अभियंता, रस्ते

आपण मागे जाऊन पाहिलेत हे फार बरे केले. पायी चालणाऱ्याला रस्ता दिसत असतो, येणारी गाडी तर अर्ध्या मैलावरून दिसत असते, आणि म्हणून आपणही त्या गाडीवाल्याला तसेच दिसत असू असे त्याला वाटते. बहुतेक अपघातांची सुरुवात या समजुतीपासून होते.

थोडे गणित मांडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड ते दोन सेकंद जातात, म्हणजे ३३ ते ४४ मीटर तेथेच संपले. त्यानंतर कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरांवर गाडी उभी राहायला आणखी ३५ ते ४० मीटर लागतात. एकूण सत्तर-ऐंशी मीटर झाले. आता खाली झुकवलेल्या दिव्याचा, ज्याला आपण डिपर म्हणतो, त्याचा कामाचा उजेड साधारण पन्नास मीटरच्या आसपास पोहोचतो, आणि गडद कपड्यातील माणूस त्या उजेडातही बराच जवळ आल्यावर, कित्येकदा पंचवीस-तीस मीटरवर ओळखू येतो. म्हणजे चालक कितीही सावध असला तरी अंतर पुरत नाही. त्या मुलाने सांगितले ते खरे होते.

डाव्या-उजव्या कडेच्या वादात दोन्ही तटांचे बरोबर आहे, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. पदपथ नसलेल्या रस्त्यावर एकटा-दुकटा माणूस चालत असेल तर त्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालावे, म्हणजे वेळ आली तर त्याला बाजूला उडी तरी मारता येते. साठ माणसांची, टाळ-मृदंगात रंगलेली, डोक्यावर तुळस घेतलेली दिंडी उडी मारू शकत नाही. तिला पाठीमागून संरक्षण लागते, आणि ते देणारे वाहन डाव्या बाजूनेच चालू शकते. शिवाय दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालायचे म्हणजे सगळ्या दिंडीला दुभाजक ओलांडून पलीकडच्या मार्गावर न्यावे लागेल, आणि तो धोका कमावलेल्या फायद्याहून मोठा आहे. म्हणून दिंडीने डावी कड धरावी, सेवारस्ता असेल तेथे मुख्य रस्त्यावर पायच ठेवू नये, आणि टेम्पो मागे घ्यावा. तो पुढे ठेवण्यात स्वयंपाकाची सोय असते हे मला ठाऊक आहे. सामानासाठी वेगळी गाडी पुढे जाऊ द्या, पण एक वाहन शेपटीला हवेच, आणि तेही माणसांना चिकटून नको. मागून एखाद्या ट्रकने त्याला धडक दिली तर ते सरकत माणसांवरच जाईल, म्हणून मध्ये तीस-चाळीस मीटर मोकळे सोडावेत. टेम्पोच्या मागच्या फळीवर पूर्ण रुंदीची लाल-पांढरी परावर्तक पट्टी लावावी आणि चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवावेत.

वेळापत्रकाबद्दल आपण भीत भीत विचारले आहे. मी स्पष्टच लिहितो, कारण बाकी सगळे उपाय त्याच्यापुढे दुय्यम आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे जवळपास पाचात एक. दिवसाच्या आठ प्रहरांत सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत होतात, असेही हेच अहवाल दाखवतात. आपली दिंडी नेमकी त्या वेळात रस्त्यावर असते.

कार्तिकात आपल्याकडे सव्वासहाला पहाटेचा उजेड पुरेसा होतो आणि पावणेसहापर्यंत तो टिकतो. हे साडेअकरा तास झाले. दिंडी ताशी साडेतीन किलोमीटर चालते असे धरले तर २८ किलोमीटरला आठ तास लागतात, आणि जेवण-विश्रांतीसाठी साडेतीन तास उरतात. दुपारच्या उन्हाचा मुद्दा निघेल. चैत्री वारीला तो खरा आहे. कार्तिकात बारा ते तीन चालणे अवघड नाही. आपण उन्हाळ्याचे वेळापत्रक हिवाळ्यात वापरत आहोत, एवढेच.

स्टिअरिंगमागे ३१ वर्षे

माऊली, मी एस.टी.मध्ये चालक होतो आणि त्यातील निम्मी वर्षे रातराणीवर गेली. वरच्या साहेबांनी गणित सांगितले आहे, मी चालकाच्या आसनावरून काय दिसते ते सांगतो.

समोरून गाडी आली आणि तिने अप्पर, म्हणजे वर उचललेला प्रखर दिवा, खाली घेतला नाही, तर दोन गाड्यांच्या दिव्यांच्या मध्ये जो माणूस असतो तो चालकापुरता नाहीसा होतो. तो अंधुक दिसतो असे नव्हे, तो अजिबात दिसत नाही. समोरची गाडी निघून गेल्यावर डोळे जागेवर यायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात बस पन्नास-साठ मीटर आंधळी चालते. अशा वेळी आम्ही डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून गाडी हाकतो. त्या पट्ट्यावरच जर माणूस चालत असेल तर काय होईल याचा विचार करावा.

आता आपली माणसे पांढऱ्या पट्ट्यावर का येतात तेही सांगतो, कारण लोक उगाच वारकऱ्यांना दोष देतात. साइडपट्टी खचलेली असते, तिच्यावर खडी सुटलेली असते, अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेच्या पायाला ती टोचते, आणि वेड्या बाभळीच्या फांद्या पार डांबरापर्यंत आलेल्या असतात. दिवसा माणूस काटा पाहून चालतो. अंधारात काटा दिसत नाही, म्हणून पाय आपोआप गुळगुळीत डांबराकडे सरकतात. एक सरकला की त्याच्या पाठोपाठ सगळी रांग सरकते.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. कार्तिकीच्या सुमाराला साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. उसाने भरलेली डबल ट्रॉली आपण लांबून पाहिली असेल; पायी चालताना जवळून पाहा. ट्रॉलीच्या चौकटीबाहेर दोन्ही अंगांना ऊस फूट-दीड फूट बाहेर आलेला असतो, आणि दिव्यांवरून जी रुंदी वाटते तिच्याहून ती प्रत्यक्षात बरीच जास्त असते. ट्रॅक्टर तुमच्यापासून चार हात अंतर ठेवून गेला म्हणून तुम्ही निश्चिंत होता, आणि मागची ट्रॉली झोके खात कडेला येते. तिच्या पाठीमागे दिवा असेलच असे नाही. उसाचे टोक खांद्याला बसून माणूस चाकाकडे फेकला गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून ट्रॅक्टरचा आवाज आला की दिंडीने चालायचे नाही. डांबर सोडून थांबायचे, दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्यायच्या, मग निघायचे.

हातातल्या बॅटरीविषयीही दोन शब्द. माणूस बॅटरी स्वतःला रस्ता दिसावा म्हणून पुढे धरतो, आणि मागच्या गाडीला त्यातील काही दिसत नाही. काहीजण घाबरून गाडीच्या दिशेने मोबाईलचा उजेड मारतात. त्याने चालकाचे डोळे दिपतात. मागच्या माणसाच्या हातात लाल दांडी असावी आणि ती खाली, गुडघ्याच्या उंचीवर, सावकाश हलवावी. आम्ही लाल हलणारे काही पाहिले की पाय आपोआप ब्रेकवर जातो. आणि टेम्पोवर भोंगा लावला असेल तर तो रात्री बंद ठेवावा, कारण टाळ-मृदंगातही हॉर्न कसाबसा कानी पडतो, भोंग्याच्या आवाजात तोही बुडतो.

नेत्रवैद्य, मिरज

चालकाच्या डोळ्यांविषयी वर लिहिले गेले आहे; मी चालणाऱ्याच्या डोळ्यांविषयी लिहितो. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एका प्रखर दिव्याने ती क्षणात जाते. तरुण माणूस काही सेकंदांत सावरतो. साठीनंतर बाहुली अंधारात पुरेशी मोठी होत नाही, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्याचा उजेड डोळ्यात पसरून सगळीकडे पांढरे धुके दिसू लागते. अशा वेळी कड कोठे संपते आणि डांबर कोठे सुरू होते हे वृद्ध व्यक्तीला कळत नाही. ती घाबरून एक पाऊल बाजूला टाकते आणि ते पाऊल रस्त्याच्या दिशेने पडू शकते. आपल्या पंचवीस ज्येष्ठांपैकी काहींची ही अवस्था असणार, असे मी न तपासताच सांगू शकतो. निघण्यापूर्वी गावात एकदा तपासणी करून घ्यावी, आणि रात्री ज्यांना दिव्यांभोवती कडी दिसतात त्यांना रांगेत रस्त्याच्या बाजूला न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे.

जाकिटांबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. झगमगीत पोपटी किंवा नारिंगी कापड दिवसा आणि कातरवेळी उठून दिसते, कारण त्याला सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लागतात. रात्री गाडीच्या दिव्यात तो झगमगाट राहत नाही. रात्री काम करते ती त्यावरची राखाडी-चंदेरी पट्टी. तिच्यात काचेचे अतिशय बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात, आणि ते आलेला उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात, त्यामुळे ती पट्टी चालकाला शंभर-दीडशे मीटरवरूनही चमकताना दिसते. शेजारी उभ्या असलेल्या तुम्हाला मात्र ती मळकट दिसेल. म्हणून दुकानात पारखताना मोबाईलचा दिवा डोळ्याजवळ, कानशिलाला धरून पाहावे.

पट्टी कोठे लावायची हेही महत्त्वाचे आहे. पाठीवर पिशवी, खांद्यावर शाल, डोक्यावर गाठोडे असे सगळे आले की जाकीट झाकले जाते आणि खर्च वाया जातो. माणसाचे घोटे आणि मनगटे सतत हलतात, आणि दोन चमकते ठिपके पावलांच्या लयीत खाली-वर होताना दिसले की चालकाचा मेंदू फारसा विचार न करता ते माणसाचे चालणे आहे असे ओळखतो. स्थिर चौकोन चमकला तर तो मैलाचा दगड आहे की पाटी आहे हे ठरवण्यात वेळ जातो. निधी कमी असेल तर पट्टी मीटरवर घ्यावी, वीतभर तुकडे कापून प्रत्येकाच्या दोन्ही घोट्यांना बांधावेत, आणि एक तुकडा पिशवीच्या मागच्या बाजूला शिवावा. नऊवारी नेसणाऱ्या स्त्रियांना घोट्याची पट्टी सोयीची पडते. पाचवारीच्या काठाखाली ती झाकली जाते, तेथे पट्टी काठावरच टाचावी.

चंद्राचा मुद्दाही लक्षात असू द्यावा. आपण कार्तिकाच्या शुद्ध पक्षात चालता. दिवाळीची अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असल्याने पहिल्या दोन-तीन रात्री चंद्र लवकर मावळतो, पुढे तो संध्याकाळी असतो, पण पहाटे साडेतीनला शुद्ध पक्षात तो एकादशीपर्यंत मावळलेलाच असतो. म्हणजे आपली पहाटेची चाल नेहमी ठार अंधारातली आहे. आणि संध्याकाळचे चांदणे चालणाऱ्याला रस्ता दाखवते, चालकाला माणूस दाखवत नाही. सोलापूरहून कोजागरीला तुळजापूरकडे चालत जाणाऱ्यांनाही मी हेच सांगत असतो.

वीणेकरी

सर्वांचे वाचले. मी चाळीस वर्षे वीणा धरली आहे आणि पहाटे साडेतीनलाच निघत आलो आहे. पांडुरंगाच्या वाटेवर चालणाऱ्याने घड्याळ बघून निघावे हे मला रुचत नाही. एवढे मात्र मान्य करतो की पूर्वी आम्ही ज्या वाटेने जायचो ती गाडीवाट होती, आणि तिच्यावर बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकूनच आम्ही बाजूला होत असू.

तुळसवाली

दादा, मी आपल्याच भागातील दुसऱ्या एका दिंडीत सोळा वर्षे डोक्यावर तुळस घेऊन चालते आहे. आतापर्यंत सगळ्यांनी दिंडी चालत असतानाचा विचार केला आहे. माझ्या पाहण्यात जे प्रसंग आले, त्यांतील बहुतेक दिंडी चालत नसताना घडले.

मुक्काम शाळेत किंवा देवळात असतो. तेथे साठ माणसांना एक किंवा दोन संडास असतात, पुष्कळदा कुलूपबंद असतात. म्हणून बायका पहाटे तीनच्याही आधी, पुरुष उठण्यापूर्वी, हातात पाण्याची बाटली घेऊन दोघी-दोघींनी रस्त्यापलीकडे जातात. त्या वेळी पताका नसते, टेम्पो नसतो, लाल दांडी नसते. अंगावर गडद शाल असते, कारण कोणाला दिसू नये अशीच तेव्हा इच्छा असते. चालकाला दिसावे म्हणून पट्टी बांधा असे डॉक्टरसाहेब सांगतात ते योग्यच आहे, पण त्या घटकेला एकही बाई ती बांधणार नाही. चौपदरी रस्ता झाल्यापासून तर दुभाजकावर कण्हेर लावली आहे. अर्धा रस्ता ओलांडून तिच्या आडोशाला थांबले की पलीकडून येणारी गाडी आम्हाला दिसत नाही आणि आम्ही गाडीला दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्यासोबत असलेल्या एका वहिनींनी अशीच फांदी बाजूला करून पाऊल पुढे टाकले आणि कंटेनर पुढ्यातून गेला. त्याच्या वाऱ्याने त्यांचा पदर उडाला, एवढ्यावर निभावले. कंटेनर थांबला नाही, कारण त्याला काही कळलेच नसणार.

म्हणून आपल्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट आपण आधी करावी. मुक्कामाची जागा ठरवताना ती रस्त्याच्या डाव्या अंगालाच, म्हणजे आपण चालतो त्याच बाजूला घ्यावी, आणि शक्य तर गावात आत घ्यावी. फिरती शौचालये मोठ्या पालख्यांना मिळतात, आपल्यासारख्यांना मिळत नाहीत. पण गावच्या सरपंचांना आठवडाभर आधी फोन केला तर शाळेच्या संडासाची किल्ली मिळते, हा आमचा अनुभव आहे. आम्ही ते काम दोन बायकांकडे दिले आहे, कारण पुरुषांना ते विचारण्याचे सुचतही नाही. चहाची टपरी पलीकडे असेल तर सगळ्यांनी ओलांडायचे नाही. टपरीवाल्याला किटली घेऊन अलीकडे बोलवावे, तो आनंदाने येतो.

निवृत्त अभियंता, रस्ते

ताईंनी लिहिले ते मी माझ्या नोकरीत एकाही आराखड्यात पाहिले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. कण्हेर लावण्याचा हेतू समोरच्या दिव्यांचा झोत अडवणे हा असतो आणि तो साधतोही. दुभाजकापर्यंत येणारा माणूस कोणी विचारात घेतलेला नसतो. पुणे जिल्ह्यातून पंढरपूरकडे येणाऱ्या दोन पालखी मार्गांना चालणाऱ्यांसाठी बाजूने वेगळी वाट करण्याची तरतूद आहे, पण आपल्या बाजूच्या रस्त्यांवर दिंड्या चालतात याची दखल त्या प्रमाणात घेतलेली नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या होत्या. वाटेत ज्या ज्या पोलीस ठाण्यांची हद्द लागते त्यांना तारीख, अंदाजे वेळ आणि माणसांची संख्या कळवणारे पत्र आधी द्यावे आणि पोच घ्यावी. बंदोबस्त मिळेलच असे नाही, पण रात्रीच्या गस्तीच्या गाडीला दिंडी कोठे आहे हे ठाऊक असते. दुसरे म्हणजे, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, आणि हे दोन्ही टेम्पोचालकाच्या व शेपटीच्या माणसाच्या मोबाईलमध्ये आधीच साठवलेले असावेत. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडले नाही तर मृताच्या वारसांना दोन लाख व गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद होणे आवश्यक असते, म्हणून किरकोळ समजून प्रकरण रस्त्यावरच मिटवू नये.

दिंडीचा हिशेबनीस

सर्वांचा ऋणी आहे. काल देवळात बैठक झाली आणि हे सगळे मी मोठ्याने वाचून दाखवले. वीणेकरी माऊलींच्या ओळी वाचल्या तेव्हा आमचे वीणेकरी बुवा मोठ्याने हसले, कारण त्यांनी तोवर तेच सांगितले होते.

वेळेचा प्रश्न अनपेक्षित मार्गाने सुटला. एका आजींनी, त्याच मनगटवाल्या आजींनी, विचारले की कार्तिक महिन्यात आपण देवळात पहाटे काकडा करतो, मग वाटेवर असताना तो घाईघाईने का उरकतो. त्यावर असे ठरले की काकडा मुक्कामावरच, पाच ते सहा, सावकाश करायचा आणि सव्वासहाला पाऊल उचलायचे. वेळ बदलली असे कोणाला म्हणावे लागले नाही.

टेम्पो मागे राहील. पट्टी सांगलीहून मीटरवर आणली आहे, आणि काल रात्री चौघांच्या घोट्यांना बांधून गावाबाहेरच्या रस्त्यावर पाहिली. मोटारसायकलच्या दिव्यात आठ ठिपके खाली-वर होत पार ओढ्याच्या पुलापर्यंत दिसत राहिले. तेच चौघे पट्ट्या सोडून चालले तेव्हा पहिल्या बाभळीपाशीच दिसेनासे झाले. हे पाहायला निम्मे गाव आले होते, त्यामुळे आता पट्टी नको म्हणणारा कोणी उरलेला नाही. किल्ल्यांसाठी सरपंचांना फोन करण्याचे काम दोघींनी आपणहून घेतले आहे.

शेवटचा टप्पा मात्र अजून बसत नाही. सांगोल्यापासून पंढरपूर तीस-बत्तीस किलोमीटर आहे, ज्येष्ठांच्या चालीने ते नऊ तासांचे काम आहे, आणि दशमीला त्या रस्त्यावर इतक्या दिंड्या व गाड्या असतात की दर तासाला अर्धा तास खोळंबा होतो. नवमीलाच सांगोल्याच्या पुढे सहा-सात किलोमीटरवर मुक्काम मिळाला तर दशमीला उजेडातच चंद्रभागेला पोहोचता येईल. त्या पट्ट्यात रस्त्याच्या डाव्या अंगाला, साठ माणसांची सोय होईल अशी शाळा, मंगल कार्यालय किंवा वस्ती कोणाच्या माहितीत असल्यास कृपया येथे कळवावे.